कपाट नंबर अकरा भंगारात देण्याआधी : वाचनालयाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या गल्लीतला भंगारवाला हातगाडी बाहेर लावून माझ्या दुकानात आला. हातात एक व्हीएचएस, म्हणजे जुनी व्हिडिओ कॅसेट. म्हणाला, "चाचा, इसमें तांबा निकलता है क्या?"

मी कॅसेट उलटी केली. पाठीवर आपल्या वाचनालयाचा गोल शिक्का, दाखल क्रमांक, आणि त्याखाली माझ्याच अक्षरातली चिठ्ठी : '११७. गजरा दोन भाग, मधे बातम्या, शेवटी क्रिकेट (अर्धवट)'. मी त्याला सांगितलं, यात तांबंबिंबं काही नाही. प्लास्टिक, पाच स्क्रू आणि अडीचशे मीटर फीत. "फिर तो दस रुपया किलो," म्हणून त्यानं ती परत मागून घेतली. ती म्हणे नमुन्याची होती. बाकीच्या महिनाअखेरीस वाचनालयातून उचलायच्या आहेत.

तुमचा ठराव मला कळला तो असा. नंतर फलकावर जाऊन वाचलाही. 'दृक्‌श्राव्य विभागातील कालबाह्य कॅसेट्स (अंदाजे ३००) निर्लेखित करून कपाट क्र. ११ ची जागा अभ्यासिकेस द्यावी. सर्वानुमते मंजूर.' निर्लेखित करणं म्हणजे नोंदीतून कमी करून टाकून देणं. एक व्हीएचएस कॅसेट साधारण दोनशे ग्रॅम भरते. त्या कपाटातल्या माझ्या २१४. म्हणजे त्रेचाळीस किलो, म्हणजे चारशे तीस रुपये. माझ्या ६३ ऑडिओ कॅसेटी धरल्या तर आणखी एका मिसळपावाची सोय.

त्याच दिवशी मी लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. सर्वसाधारण सभा अजून चार महिन्यांवर आहे आणि भंगारवाला दहा दिवसांवर, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. वाचनालयाचं नाव मुद्दाम घालत नाही. गावातल्यांना कळेलच. बाहेरच्यांनी आपापल्या गावातलं अकरा नंबरचं कपाट आठवावं.

माझा यात संबंध काय ते आधी सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे जण मला 'टीव्हीवाले काका' एवढंच ओळखतात.

२ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत पहिला टीव्ही यायला पुढे दोन वर्षं लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आला, लाकडी शटरचा. शटर उघडायचा मान त्यांचा. आम्ही चपला जिन्यात काढून खोलीत जागा मिळेल तिथे बसायचो, आणि उशीर झालेले गॅलरीतून खिडकीच्या गजांना धरून बघायचे. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. पण चाळ खरी जमायची ती 'गजरा' असला की. त्यात सिनेमासारखी गोष्ट नाही, एखादा स्टार नाही. चारपाच छोटे छोटे प्रवेश, मधे निवेदन, पुन्हा प्रवेश. विनायक चासकर, विनय आपटे यांच्यासारखे निर्माते, सुरेश खऱ्यांचं निवेदन. रंगभूमीवर अजून नीट पाय न रोवलेली पोरं-पोरी तिथे दहा मिनिटांत काय करून दाखवायची! याकूब सईद आणि बबन प्रभू यांचा 'हास परिहास' होता. चिमणराव-गुंड्याभाऊ आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, आणि मग तर चाळीतल्या दोन माणसांना कायमची टोपणनावंच पडली.

रेकॉर्ड करायचं वेड मला तेव्हाच लागलं. मामानं मस्कतहून एक नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर आणला होता. तो घेऊन मी काकांच्या टीव्हीच्या स्पीकरसमोर मांडी घालून बसायचो, माइक हातात धरून. सगळ्यांना दम दिलेला असायचा, आवाज करायचा नाही. आता विनोदी कार्यक्रमाला आवाज न करता बसणार कोण? माझी नऊ नंबरची ऑडिओ कॅसेट तुमच्या कपाटात खालून दुसऱ्या कप्प्यात आहे. ती लावली की आधी टीव्हीची घरघर येते. मग बबन प्रभू काहीतरी म्हणायला लागतात, आणि नेमकी कुकरची शिट्टी होते. तेवढ्यात माझी आजी, तिला कमी ऐकू यायचं, मोठ्यांदा विचारते, "काय म्हणाला गो तो?" सगळी खोली तिला श्शूऽऽ करते. आणि मग खोली जी हसत सुटते ती टीव्हीला नाही, आजीला. काकांचं हसणं खोकल्यासारखं होतं, ते स्पष्ट ओळखू येतं. माझ्या आईचं सगळ्यांत शेवटी येतं, पदर तोंडावर धरल्यासारखं.

बबन प्रभू तिथे काय म्हणाले ते मला आजतागायत माहीत नाही. त्या भागाची दुसरी प्रत मला कुठेही मिळालेली नाही.

१९८२ ला एशियाडच्या वर्षी रंग आला, पाठोपाठ घरोघरी व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट लावायचे यंत्र, आले, आणि १९८४ ला मी इथे येऊन दुकान टाकलं. टीव्ही-व्हीसीआर दुरुस्ती आणि एका बाजूला व्हिडिओ लायब्ररी. लोकांना भाड्यानं सिनेमे द्यायचे आणि रात्री स्वतःसाठी दूरदर्शन टेप करायचं, असं माझं वीसेक वर्षं चाललं होतं. तीन तासांची कॅसेट महाग, म्हणून एकाच कॅसेटवर सगळी खिचडी असायची : प्रवेश, एकपात्री, नाट्यगीतं, बातम्या, जाहिराती. लायब्ररी बंद पडली तेव्हा, २००७ साली, मी हा साठा वाचनालयाला दिला. घरात ठेवायला जागा होती. पण माझ्यामागे मुलं काय करतील ते मला ठाऊक होतं. वाटलं, वाचनालय म्हणजे जपणूक. दानपत्रात एकच अट घातली होती, विल्हेवाट लावण्यापूर्वी दात्यास कळवावे. तेव्हाच्या कार्यवाहांची त्यावर सही आहे. झेरॉक्स दुकानात काचेखाली ठेवली आहे, कुणीही येऊन बघावी.

तर पहिली तक्रार हीच. कळवलं नाहीत. माझा फोन नंबर अठरा वर्षांत बदललेला नाही, दुकान स्टेशन रोडवरच आहे, आणि तुमच्यापैकी तिघांचे टीव्ही मीच दुरुस्त करतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. तुम्ही यादीच केली नाहीत. 'अंदाजे ३००' हे काय आहे? पुस्तकं निर्लेखित करताना दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत, कारण असे रकाने भरून यादी होते, ती समितीसमोर जाते. कुठलंही 'अ' वर्ग ग्रंथालय 'अंदाजे ३०० जुनी पुस्तके' असा ठराव करणार नाही. मग कॅसेटीला ही सूट कशी? प्रत्येकीवर तुमचाच दाखल क्रमांक आहे. नोंदवहीत माझ्या अक्षरातला तपशील चिकटवलेला आहे, निदान २००७ ला तरी होता.

इथे मीही एक कबूल करतो. त्या २१४ मधला बराच माल खरोखर टाकाऊ आहे. हिंदी सिनेमांच्या दुकानी कॅसेटी आहेत, लग्नांची शूटिंगं आहेत (कुणाची, ते मला आठवत नाही, त्यांनाही आठवत नसावं), एका कॅसेटवर तीन तास नुसता गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचा धूर आहे. त्या खुशाल द्या भंगारात, मी स्वतः हातगाडीवर चढवीन. माझ्या वहीप्रमाणे जपण्याजोग्या फार तर सत्तर. पण त्या सत्तर कुठल्या, हे न बघता तुम्ही सर्वानुमते हात वर केलेत.

तिसरी गोष्ट कानावर आली ती अशी की, बैठकीत एक सदस्य म्हणाले, 'आता सगळं यूट्यूबवर आहे.' नाही हो, सगळं नाही. पुष्कळ आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीनं आपल्याकडचं जुनं बरंच वर चढवलं आहे, आणि मी रोज रात्री जेवण झालं की तेच बघतो. पण जे त्यांच्याकडेच उरलं नाही ते ते कुठून चढवणार? त्या काळी टेप परदेशातून यायची, महाग असायची, आणि कार्यक्रम झाला की तीच टेप पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायची रीत होती. बातम्या, भाषणं, मोठ्या गायकांच्या मैफली यांना तरी कुणी 'राहू दे' म्हणायचं. चार विनोदी प्रवेशांना कोण म्हणणार?

आणि हा काही फक्त आपला करंटेपणा नाही. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनं सत्तरीच्या दशकाअखेरीपर्यंत हेच केलं. पीटर कुक आणि डडली मूर ही तिथली विनोदी जोडी, साठच्या दशकात त्यांचा 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' गाजला. त्याच्या बऱ्याच टेपा पुसल्या गेल्या. पैसे मी देतो पण पुसू नका, असं कुकनं सांगून पाहिलं, तरी ऐकलं नाही. ॲलन बेनेट यांच्या १९६६ च्या विनोदी मालिकेचंही तेच झालं. अमेरिकेत जॉनी कार्सन तीस वर्षं रात्रीचा कार्यक्रम करत होता, १९६२ ते १९९२. नवे नकलाकार, विनोदवीर तिथे एकदा पाच मिनिटं उभे राहिले की त्यांचं नशीब फळफळायचं. त्यातल्या न्यूयॉर्कच्या पहिल्या दहा वर्षांचं जवळजवळ सगळं गेलं. ज्या पाच मिनिटांनी एखाद्याचं आयुष्य बदललं ती पाच मिनिटं कुणालाच बघता येत नाहीत.

मग जे वाचलं ते कुठून वाचलं? लोकांच्या घरांतून आणि उकिरड्यावरून. 'डॅड्स आर्मी' या ब्रिटिश विनोदी मालिकेचे हरवलेले दोन भाग २००१ साली परत मिळाले. कुणीतरी सत्तरच्या दशकात ते कचऱ्याच्या पेटीतून उचलले होते आणि बागेतल्या शेडमध्ये ठेवले होते. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या. त्यांनी तीसेक वर्षं घरात टीव्ही अखंड टेप केला, सुमारे ७०,००० कॅसेटी झाल्या. लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. २०१२ ला त्या गेल्यावर इंटरनेट अर्काइव्हनं तो सगळा साठा कंटेनर भरभरून नेला. या बाई पूर्वी ग्रंथपाल होत्या, हे विश्वस्तांना आवडेल म्हणून सांगतो.

मी काही मॅरियन स्टोक्स नाही. माझ्या दोनशे चौदाच.

चौथी तक्रार बोलावी की नको असं झालं होतं, पण आता लिहितोच. कपाट क्रमांक दहामध्ये आपल्या वसंत व्याख्यानमालेच्या कॅसेटी आहेत. त्याच काळातल्या, त्याच कंपनीच्या, त्याच बुरशीच्या. त्या निर्लेखनात नाहीत. चौकशी केली तर उत्तर मिळालं, 'त्यात विचार आहे.' मला त्या व्याख्यानांविषयी पूर्ण आदर आहे, त्यांतली निम्मी मीच रेकॉर्ड केली आहेत. पण बहुतेक वक्त्यांनी तीच व्याख्यानं पुढे पुस्तकात छापली आणि ती पुस्तकं तुमच्याकडे आहेत. व्याख्यानाची कॅसेट गेली तरी विचार शाबूत राहतो. विनोदाचं तसं नाही. चि. वि. जोशींचा चिमणराव तुमच्या कपाटात तीन आवृत्त्यांत आहे, पण मान वाकडी करून बघणारा प्रभावळकरांचा चिमणराव त्यातल्या एकीतही नाही. लक्ष्मण देशपांडे एकटे उभे राहून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करायचे, तीन तास, बावन्न पात्रं. संहिता छापील मिळते. ती हातात घेऊन वाचा आणि सांगा, उपरण्याचा एक फेरा बदलला की बाप्याची बाई कशी होते ते कुठल्या पानावर आहे? विनोद हा थांबण्यात असतो. वाक्य म्हणून झाल्यावर माणूस किती वेळ गप्प राहिला, हे कागदावर लिहिता येत नाही, ते फितीवरच राहतं.

आम्ही मराठी माणसं विनोदाच्या नावानं पोवाडे गातो आणि जपायची वेळ आली की त्याला 'करमणूक' म्हणून बाजूला सारतो. असो.

पाचवी तक्रार सांभाळण्याबद्दल. कपाट अकरा ज्या भिंतीला लावलं आहे तिच्या पलीकडे मुतारी आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. मंगळवारी भंगारवाल्याच्या हातातल्या कॅसेटच्या खिडकीतून मला रिळावर पांढरं दिसलं, साबुदाण्याच्या पिठासारखं. ही बुरशी. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी हेडवर, म्हणजे व्हीसीआरच्या फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. वाचनालयाचा व्हीसीआर याच पायी बंद पडला असणार, 'जुना झाला' म्हणून नव्हे. आणि याला उपाय आहे. पाच स्क्रू काढून कवच उघडायचं, फीत हातानं सावकाश फिरवत मऊ कोरड्या कापडातून काढायची, दुसऱ्या स्वच्छ कवचात भरायची. एका कॅसेटला पाऊण तास. हेड मिनिटाला पंधराशे फेरे घेतं, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, आडवं, उभं कधीच नाही. पूर्वी आम्ही कोऱ्या करकरीत नोटेनं साफ करायचो, ते आता कुणी करू नये. मला हे सगळं येतं. तुम्ही विचारलं असतं तर फुकट केलं असतं. जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी कंपनीनं २०१६ ला उत्पादन थांबवलं. माझ्याकडे चालू स्थितीतले तीन आहेत आणि सुटे भाग काढायला आणखी सात. माझं वय अडुसष्ट. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत.

राहिला कायदा. 'कॉपीराइटचं लफडं होईल, म्हणून डिजिटल नको' असं कार्यवाहांनी मला तोंडी सांगितलं होतं. भीती समजू शकतो, पण कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती त्यांनी वाचावी. कलम ५२ मध्ये ती आहे. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीच असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवणं हा भंग होत नाही. डिजिटल करण्यापुरतं तेवढंच मी मागतो आहे. इंटरनेटवर चढवा असं म्हणत नाही, सीडी विका असंही नाही. खोलीत साठवा, खोलीत दाखवा. दाखवण्याबद्दल शंका असेल तर गावात वकील सभासद बरेच आहेत, एकाला विचारून घ्या.

अभ्यासिकेला माझा विरोध आहे असा प्रचार कृपया करू नये. पोरं सकाळी सहाला जिन्यात रांग लावतात, मी बघतो. माझा नातूही त्यांतच असतो. पण मी टेप घेऊन मोजलं आहे. कपाटाची रुंदी चार फूट. तिथे दोन खुर्च्या बसतील, त्याही दाराआड. सत्तर कॅसेटी वेगळ्या काढल्या तर त्या कार्यवाहांच्या खोलीतल्या ट्रॉफ्यांच्या शोकेसच्या खालच्या खणात मावतात. तेही मोजलं आहे.

आता एका कॅसेटविषयी लिहितो आणि मग मागण्या.

क्रमांक १६२. १९८८ चा गणेशोत्सव, आपल्याच गावातलं मंडळ. ऑर्केस्ट्रा होता. गायक कपडे बदलेपर्यंत दोन गाण्यांच्या मधे एक नकलाकार उभा राहायचा. एका बँकेत कॅशिअर होता, नोटा मोजता मोजता लोकांच्या लकबी टिपायचा. त्यानं आधी राजा गोसावी केले, मग निळू फुले, मग दादा कोंडके. तेवढं तर तेव्हा प्रत्येक नकलाकार करायचा. मग त्यानं आपल्या स्टेशनवरची उद्घोषणा केली, तिन्ही भाषांत, आणि इंग्रजी उद्घोषणा संपायच्या आत गाडी सुटून जाते तेही, डब्यांच्या खडखडाटासकट. त्यानंतर तो नुसताच हात जोडून उभा राहिला. काही बोलला नाही, चांगला सातआठ सेकंद. लोकांना कळेना. मग हळूच म्हणाला, "पुढची गाडी पंधरा डब्यांची आहे, पण ती इथे थांबत नाही." मांडव जो कोसळला तो कॅमेराही हलला. कॅमेरा मीच धरला होता.

तो माणूस टीव्हीवर कधी गेला नाही. एकदा वरळीला ऑडिशन देऊन आला होता, पुढे काही झालं नाही. आता तो नाही. गेल्या वर्षी त्याची मुलगी नाशिकहून आली. तिच्याकडे वडिलांचा फोटो आहे, आवाज नाही. मी तिला वाचनालयात पाठवलं, क्रमांक लिहून दिला. काउंटरवर तिला सांगितलं गेलं की मशीन बंद आहे, दुरुस्त झालं की कळवू. कुणी कळवलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही, मलाच दोनदा फोन करून 'राहू द्या काका' म्हणाली.

माझ्या मागण्या अशा.

ठरावाची अंमलबजावणी यादी होईपर्यंत थांबवावी आणि भंगारवाल्याला तसं आजच सांगावं. त्याचं नुकसान होणार असेल तर ते चारशे तीस रुपये मी देतो.

प्रत्येक कॅसेटची दाखल क्रमांकासह यादी करावी. मी, एक कर्मचारी आणि अभ्यासिकेतला हौशी एखादा मुलगा, रोज दोन तास दिलेत तर तीन आठवड्यांत होईल. टाकाऊ काय ते यादीवर लिहून सही करून टाकावं.

निवडलेल्या सत्तर कॅसेटींचं डिजिटायझेशन करावं. ते खऱ्या वेळेतच होतं, तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास. दोनशे दहा तास, रोज एक कॅसेट धरली तर सत्तर दिवस. एक टीबीची हार्ड डिस्क पुरते, पण दोन घ्याव्यात आणि त्या एकाच खोलीत ठेवू नयेत. मशीन माझं, श्रम माझे. डिस्क वाचनालयाच्या.

दूरदर्शनवरून टेप केलेल्या कार्यक्रमांची यादी, तारखा जिथे कळतात तिथे तारखांसह, मुंबई केंद्राला रीतसर पत्रानं पाठवावी. त्यांच्याकडे नसलेला एखादा भाग आपल्या मुतारीच्या भिंतीला निघाला तर बिघडलं कुठे?

महिन्यातून एक संध्याकाळ हे सगळं वाचनालयाच्या सभागृहात सभासदांना दाखवावं, तिकीट न लावता. पहिल्या संध्याकाळी नऊ नंबरची कॅसेट लावू. खोलीत सत्तरीच्या पुढचे वीस-पंचवीस लोक बसले तर कुकरच्या शिट्टीखाली बबन प्रभू काय म्हणाले ते एखाद्याला आठवेलही.

यातलं काहीच करायचं नसेल, तर भंगारात देण्याऐवजी सगळ्या कॅसेटी मला परत द्याव्यात. टेम्पो मी आणतो.

गुरुवारी वाचनालय बंद असतं, म्हणून बुधवारी संध्याकाळी सहा वाजता मी एक व्हीसीआर आणि एक छोटा टीव्ही घेऊन येत आहे. एक टेबल आणि एक चालू प्लग लागेल. काउंटरमागचा प्लग लूज आहे, तो नको, ग्रंथपालांच्या टेबलाशेजारचा द्या. १६२ नंबरची कॅसेट आधी काढून ठेवा. उन्हात ठेवू नका, पंख्याखाली ठेवा, आणि मी येईपर्यंत कुठल्याही मशीनमध्ये घालून बघू नका. ती मुलगी दिवाळीत येणार आहे.

आपला,
सभासद, १९८६ पासून
(स्टेशन रोडवरचा टीव्हीवाला)